कात्री न लावता

आमच्या दुकानाच्या पाटीवर तमिळमध्ये अप्पांचं नाव होतं आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ‘जेंट्स ओन्ली’ असं लिहिलेलं होतं. त्या दोन शब्दांवर अप्पांचा भारी जीव. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत शिंप्यांची आणखी दोन दुकानं होती, पण ते लोक बायकांची पोलकी शिवायचे, आणि पोलकी शिवणाऱ्याला अप्पा शिंपी म्हणत नसत. ‘तो शिलाई मारतो’ एवढंच म्हणत. आपले पणजोबा राजेलोकांचे अंगरखे शिवत होते, हे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगायचे. गळ्याभोवती टेप असल्यामुळे गिऱ्हाइकाला ते ऐकून घ्यावंच लागे. मधल्या पडद्यामागे अम्मा नारळ खवत बसलेली असायची. ती आम्हा बहिणींना हळूच सांगायची, “अंगरखे नव्हेत गे. घोड्यांच्या झुली.” खरं काय ते कुठल्या तरी जुन्या मोडी कागदात असेल. मी शोधायला गेले नाही, कारण अम्माचंच बरोबर निघेल अशी भीती होती.

पडद्याच्या अलीकडे दुकान आणि पलीकडे घर, अशी आमची रचना होती. अलीकडे पायमशीनचा आवाज, पलीकडे पीठ वाटायच्या दगडी रगड्याचा. अप्पांनी मशीन थांबवलं की अम्मा रगडा थांबवायची, कारण याचा अर्थ गिऱ्हाईक आलंय आणि ते काय बोलतं ते ऐकायला हवं. आम्हा तिघी बहिणींना पडद्यापर्यंत मुभा होती. मी थोरली, बारावी होऊन घरी बसलेली, आणि मला त्या मशीनवर बसायची इतकी हौस होती की अप्पा जेवायला आत आले की मी दुकानात जाऊन नुसती पायपट्टी हलवून यायची. एकदा त्यांनी ऐकलं. डांगर पचडीचा घास हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, “कमळे, पाटीवर काय लिहिलें आहे?” मी वाचून दाखवलं. “मग?” म्हणाले, आणि जेवू लागले. मला फार राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही, हे आत्ता लिहिताना कळतंय.

(इथे एक सांगून टाकते. घरात आम्ही बोलायचो ती मराठी अशी नव्हे. ही जी मी लिहितेय ती माझ्या सांगलीच्या सुनेने घासूनपुसून दिलेली आहे. देवनागरीसुद्धा मी पन्नाशीनंतर तिच्याकडूनच गिरवली. माझं ‘मज’ आणि ‘कोठें’ ऐकून ती आधी हसायची. आता तीही रागावली की ‘कोठें’ म्हणते.)

तर आता झग्याची गोष्ट. राजवाड्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एक जुनं, लहानसं चर्च आहे. तिथल्या मंडळीचा, म्हणजे तिथे प्रार्थनेला येणाऱ्या लोकांचा, एक पांढरा झगा होता. माझ्या आजोबांनी तो तिथल्या एका जुन्या पास्टरसाठी शिवला होता, आणि तेव्हापासून रीत अशी पडली होती की कुणीही नवा पास्टर आला की पहिल्या रविवारी त्याने तोच झगा घालायचा. पुढे त्याने स्वतःचा घालावा, पण पहिल्या दिवशी हाच. मंडळीच्या मते त्याशिवाय माणूस ‘आपला’ होत नसे. पास्टर बदलला की झगा आमच्या दुकानात यायचा. अप्पा नव्या माणसाच्या मापाने तो उसवायचे, कापायचे, जोड द्यायचे. आम्ही देवळात जाणारी माणसं, पण झगा घरात असेपर्यंत अप्पा दुकानात विडी ओढत नसत आणि अम्मा कोळंबूत, म्हणजे चिंचेच्या आमटीत, लसूण घालत नसे. लसणाचं काय कारण ते तिलाही सांगता आलं नसतं.

आधीचे पास्टर निवृत्त झाले आणि बिशपकडून पत्र आलं की नव्या पास्टर पापनाशमच्या सेल्वरानी अम्मा आहेत. बाई. तंजावूरमध्ये बाई कलेक्टर होऊन गेली होती, बाई डॉक्टर तर गल्लोगल्ली होत्या, पण वेदीसमोर उभी राहणारी बाई त्या मंडळीत कुणी पाहिली नव्हती. मंडळीत दोन तट पडले, आणि चर्चच्या आवारात भांडणं शोभत नाहीत म्हणून दोन्ही तट भांडायला आमच्या दुकानात येऊ लागले. अप्पा दुसऱ्या देवाचे, म्हणजे त्रयस्थ, असा हिशोब. आठवडाभर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि एक पँट शिवून झाली नाही.

विरोधकांचे पुढारी होते देवसहायम सर. निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. उंच, शिडशिडीत, खिशाला दोन पेनं, आणि जे वहीत लिहिलं गेलं तेवढंच घडलं असं मानणारे. ते बाकावर बसून सांगायचे की संत पौलाने लिहूनच ठेवलंय, बायकांनी मंडळीत गप्प राहावं. दुसऱ्या तटाच्या बहुतेक बायकाच होत्या, आणि पाटीमुळे त्या दुकानात शिरत नसत. पायरीवर उभ्या राहून उत्तर द्यायच्या. एक म्हणायची, पौल काय म्हणाला ते राहू द्या, येशूची कबर रिकामी आहे हे आधी कुणी पाहिलं? बायकांनी. मग त्या गप्प राहिल्या असत्या तर तुम्हाला ही बातमी कुणी दिली असती, सर? सर म्हणायचे, बातमी देणं वेगळं आणि कारभार हाती घेणं वेगळं. पायरीवरून पुन्हा आवाज यायचा, चर्च झाडायचं, फुलं लावायची, गाण्यात सूर लावायचा, आजाऱ्याकडे जाऊन बसायचं, हे सगळं कोण करतं? आतून सर म्हणायचे, म्हणून तर म्हणतो, आधीच एवढं काम आहे तुम्हाला. गमतीची गोष्ट म्हणजे त्या पायरीवरच्या बायकांत सरांची स्वतःची बायको तायम्माळ अक्काही असायची. ती कधी काही बोलत नसे. कडेवर भाजीची पिशवी धरून सगळं ऐकून घ्यायची आणि सर निघाले की त्यांच्या चार पावलं मागून घरी जायची.

अप्पा कापडावर खडूने रेघा ओढता ओढता दोन्ही बाजूंना मान डोलवायचे. कुणी मत विचारलंच तर म्हणायचे, “अम्ही दुसरीकडची माणसें. मज काय ठावें?” आत आले की मात्र अम्माला म्हणायचे, “बाईनें झगा घालायचा म्हणजे काय गे? सरांचें खोटें नाही.” अम्मा त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची, आणि ते पुढे बोलायचे थांबायचे.

गुरुवारी सर झगा घेऊन आले, आणि बरोबर कमिटीची वही. बिशपना नाही म्हणणं कमिटीच्या हातात नव्हतं, पण ठराव करणं होतं. सरांनी चष्मा लावून तो आम्हाला वाचून दाखवला. झगा रीतीप्रमाणे नव्या पास्टरना द्यावा. कापड जीर्ण झाल्यामुळे या खेपेस त्याला कात्री लावू नये. झगा अंगाला नीट बसल्यास ती देवाची इच्छा समजावी. न बसल्यास, मंडळीच्या रीतीप्रमाणे नेमणूक पूर्ण होऊ शकली नाही, असं बिशपना कळवावं. खाली नऊ सह्या होत्या. अप्पांनी झगा उलगडला. आधीचे पास्टर सहा फुटांच्या वर होते, आणि पोट तर असं की झग्याची पुढची बाजू मागच्यापेक्षा चार बोटं लांब ठेवावी लागली होती. अप्पा म्हणाले, “सर, कात्री लावल्याशिवाय मी काय करणार?” सर म्हणाले, “तेच तर. तुम्ही काहीच करायचं नाही.” आणि इतके प्रसन्न हसले की मी पडद्यामागे दात खाल्ले.

शुक्रवारी सकाळी पापनाशमच्या पॅसेंजरने सेल्वरानी अम्मा आल्या आणि स्टेशनावरून रिक्षा करून थेट दुकानाशी उतरल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, काठाची सुती साडी, हातात छत्री. माझ्या खांद्याला लागतील एवढीच उंची. त्या पायरीवर थांबल्या, मान वर करून पाटी वाचली आणि अप्पांना विचारलं, “आत येऊ, की झगा बाहेर आणून देता?”  अप्पांनी पाटीकडे असं पाहिलं की जणू ती दुसऱ्याच कुणी लावली होती, आणि म्हणाले, “या, या.”

पण माप कसं घ्यायचं? आमच्याकडे बाई शिंप्याला माप देत नाही. मापाचं एक जुनं पोलकं पाठवते आणि शिंपी त्यावर बेततो. झग्याला कुठलं आलंय मापाचं पोलकं. अप्पांनी जन्मात बाईला टेप लावलेला नव्हता. त्यांनी मला हाक मारली. “कमळे, टेप घे,” असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारल्यासारखं विचारू लागले, “खांदा?” मी म्हणायची, “साडेतेरा.” “बाही?” “वीस.” “उंची, मानेपासून पायापर्यंत?” मी सांगितलं. अप्पांनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाले, “परत माप.” मी परत मापलं. तेवढंच भरलं. झग्यापेक्षा नऊ इंच कमी.

माप चालू असताना मी धीर करून त्यांना विचारलं, तुमचा स्वतःचा झगा असेल ना, तो का नाही घालत? त्या म्हणाल्या, “आहे ना. पेटीत आहे. पण तो घालून उभी राहिले तर यांची पाहुणी म्हणून उभी राहीन. यांच्या घरातलं जे आहे ते यांनी द्यायला हवं.” मग हात आडवे धरून, मी काखेत टेप धरला असताना, त्या आपल्या वडिलांबद्दल सांगू लागल्या. वडील खेड्यातल्या चर्चमध्ये उपदेशक होते. भक्त माणूस, पण दोन वाक्यं सरळ जोडता येत नसत. म्हणून दर शनिवारी त्यांचं प्रवचन ही मुलगीच लिहायची, वयाच्या चौदाव्या वर्षापासून. रविवारी ते वाचायचे आणि लोक म्हणायचे, काय बोलतात उपदेशक. “म्हणजे पंधरा वर्षं ते लोक एका बाईचंच ऐकत होते,” त्या म्हणाल्या. “कुणाला काही झालं नाही.” भिंतीकडे तोंड करून उभे असलेले अप्पा हसले. त्यांच्या पाठीवरून मला कळलं.

त्या गेल्या आणि अप्पा डोकं धरून बसले. बघा, ही त्यांची खरी अडचण होती. मतं काही असोत, आपल्या हातचा झगा कुणाच्या अंगावर बेढब दिसणं त्यांना सोसणारं नव्हतं. आणि आता त्यांना ती बाई आवडलीही होती. पण जेंट्स टेलरला कपडा लहान करायचा एकच मार्ग ठाऊक असतो. पँट लांब झाली, काप. शर्ट ढगळ झाला, काप. सरांनाही तेवढाच ठाऊक होता, म्हणून तर त्यांनी ठरावात तो शब्द घातला. “कात्रीविना शिंपी काय करील,” अप्पा स्वतःशीच म्हणाले. आम्हाला हे झगाप्रकरण संपल्यासारखंच वाटलं. सेल्वरानी अम्मा रविवारी त्या झग्यात अडखळणार, लोक हसणार, ठरावाप्रमाणे पत्र जाणार, आणि ती बाई छत्री घेऊन परत पापनाशमच्या गाडीत बसणार.

तेव्हा पडद्यामागून अम्माचा आवाज आला. नारळ खवणं न थांबवता ती म्हणाली, “पावाड्यास दरवर्षीं काय करितें मी?”

पावाडे म्हणजे मुलींचे घोळदार लांब परकर. मुलगी वाढते, रेशीम महाग, म्हणून आमच्याकडच्या बाया पावाडा मुळात मोठाच शिवतात आणि खालच्या बाजूला कापड आडवं दुमडून दोन-तीन पट्ट्या टाचून ठेवतात. टक्स म्हणतात त्यांना. मुलगी वाढली की एक एक टक उसवायचा. माझा पाचव्या वर्षीचा पावाडा मी अकराव्या वर्षापर्यंत नेसले, आणि मग तो धाकटीसाठी पुन्हा दुमडला गेला. हे सगळं अम्मा हातशिलाईने, स्वयंपाकघरात, दुपारची करायची. अप्पांनी ते इतकी वर्षं पाहिलं होतं, पण ते शिवणकाम आहे असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

अप्पा पडदा सारून आत गेले. मी त्यांना असं आत जाऊन अम्मासमोर खाली बसताना पहिल्यांदाच पाहिलं. “दाखव,” ते म्हणाले.

शनिवारी सकाळी दुकान बंद ठेवून आम्ही तिघं झग्याला बसलो. अम्मा चटईवर बसून घड्या घालायची आणि टाके धरायची. उंचीला दीड-दीड इंच खोल, म्हणजे दुहेरी घडीत तीन-तीन इंच कापड घेणारे, असे तीन टक, सगळे आतल्या बाजूला वळवलेले, म्हणजे बाहेरून फक्त केसाएवढी रेघ. खांद्याला मोठ्या कॉलरखाली दोन्हीकडे एकेक चूण. बाहीला आतून एक टक. पोटाचा घेर होता तो कमरेच्या पट्ट्यात जाणार होता, आणि पुढची ती चार बोटं अम्माने टकातच जिरवली. घोळाच्या टकांना मशीनची सरळ शिलाई हवी होती. अप्पांनी मशीनवर बसून पहिला टक मारायला घेतला आणि तो वाकडा गेला, कारण त्यांचा हात कडेची शिलाई मारणारा, मधल्या दुमडीची सवय नाही. त्यांनी तो उसवला. पुन्हा वाकडा. मग चष्मा काढून पुसत ते स्टुलावरून उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बस.” मी बसले. तीन टक मी मारले. पायपट्टीचा आवाज घरभर होत होता आणि तो माझ्यामुळे होत होता, या एका गोष्टीचा मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले आणि अम्मा ओरडली की झग्यावर पडेल.

रविवारी अप्पा रीतीप्रमाणे चर्चला गेले. दरवेळी ते मागच्या दाराशी उभं राहून झगा बघून यायचे. या वेळी मलाही सुईदोरा घेऊन बरोबर नेलं, कारण काही उसवलंच तर ते स्वतः बाईच्या झग्याला हात लावणार नव्हते. वेदीमागच्या खोलीत सेल्वरानी अम्मांनी झगा चढवला, मी कमरेचा पट्टा बांधला. झगा अंगावर असा बसला की त्या स्वतः खाली वाकून आपल्या पायांकडे बघू लागल्या. पाय दिसत होते.

दारात सर वही घेऊन उभे होते. त्यांनी झगा वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांना एकदम जोर आला. “कात्री लावलीय,” ते म्हणाले. “लावल्याशिवाय होणारच नाही. ठराव मोडलाय.” अप्पा म्हणाले, नाही. सर म्हणाले, मग दाखवा. दाखवायचं म्हणजे झग्याचा घोळ उलटा करून आतून बघायचं, आणि इथे सरांची पंचाईत झाली. बाईच्या अंगावरचा घोळ उलटायचा कसा? बाहेर मंडळी गाणं सुरू करायला खोळंबली होती. सर इकडेतिकडे बघू लागले आणि शेवटी त्यांनी दाराबाहेर मान काढून हाक मारली, “तायम्माळ.”

तायम्माळ अक्का आली. पदर खोचून खाली बसली आणि तिने झग्याचा घोळ हातभर उलटा केला. तिला चार मुली. चौघींचे पावाडे तिनेच वाढवलेले आणि उसवलेले. तिने पहिल्या टकावर बोट फिरवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. टाके कसे आहेत तेही पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी खोड काढणार. मग तिने घोळ सोडला, वर माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठून उभी राहिली.

“कात्री लागलेली नाही,” ती म्हणाली.

“मग लहान कसा झाला?” सरांनी विचारलं.

“ते मला काय ठाऊक?” अक्का म्हणाली. “बसला तर देवाची इच्छा, असं तुमच्याच वहीत लिहिलंय ना. लिहिलं असेल तर तसंच असेल.” आणि ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली. त्या आठवड्यात मी तिच्या तोंडून ऐकलेली ही पहिलीच वाक्यं.

सर क्षणभर वहीत बघत राहिले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. लिहिलेलं त्यांनी स्वतःसुद्धा कधी मोडलं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, ठरावाखाली ‘झगा बसला’ एवढं लिहिलं, तारीख घातली, आणि पुढे होऊन दार उघडून धरलं. सेल्वरानी अम्मा त्यांच्यासमोरून बाहेर गेल्या. त्या दिवशी त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. मी पूर्ण वेळ त्यांच्या टाचांकडे बघत होते.

घरी आल्यावर अप्पांनी पाटी काढली का, असं माझी सून विचारते. नाही काढली. अप्पा तसे नव्हते. पण सोमवारी सकाळी मशीनशेजारी दुसरं एक स्टूल ठेवलेलं होतं, आणि ते कुणासाठी आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पाटी अजून आहे. रंग उडालाय. खाली बसून मी चाळीस वर्षं शिवतेय आणि गिऱ्हाइकं हसतात.

सेल्वरानी अम्मा सात वर्षं राहिल्या. त्यांची बदली झाली आणि नवे पास्टर आले ते पुन्हा ताडमाड. झगा दुकानात आला. मी तिन्ही टक उसवले, आणि पाहते तर घोळावर तीन पट्टे उमटलेले. बाकी झगा इतक्या वर्षांत पिवळसर झाला होता आणि घडीच्या आत दडलेलं कापड पहिल्या दिवसासारखं पांढरंशुभ्र राहिलं होतं. देवसहायम सर तेव्हा खूप थकले होते, काठी घेऊन आले होते. पट्टे पाहून म्हणाले, “कमला, हे घालवता येतील का?” मी म्हणाले, “धुऊन जाणार नाहीत, सर. एकच उपाय आहे. कात्री.” त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओठांच्या कोपऱ्यात थोडंसं हसले. “नको,” म्हणाले. “कात्री लावायची नाही, असं लिहिलेलं आहे.” तेव्हापासून जे कुणी पास्टर आले ते पहिल्या रविवारी गुडघ्याखाली तीन पांढरे पट्टे घेऊन उभे राहिले. सगळे पुरुष, सगळे उंच. मुलं विचारतात हे काय, आणि मोठी माणसं प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी सांगतात.

गेल्या महिन्यात झगा परत आला. बरोबर स्कूटरवरून एक मुलगी, हेल्मेट काखेत धरलेलं, माझ्या खांद्याला लागेल एवढी. नवी पास्टर. तिने पाटी वाचली आणि दारात थांबली. मी म्हणाले, “ये ग आत.” तिने विचारलं, माप घ्यायचं ना? मी टेप शोधला, तो नेहमीप्रमाणे सापडेना. मग मी झगा मांडीवर घेतला आणि पहिल्या पांढऱ्या पट्ट्यावर घडी घातली. घडी आपोआप जाऊन बसली. दुसरी बसली, तिसरी बसली. टेप लागला नाही.